निषिद्ध ग्रंथ ते विधिग्राह्य नाणे : चीनच्या अभिजात कादंबऱ्यांवरील सुवर्ण स्मारक नाण्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नाणे हे इतिहासाचे साधन असते, हे विधान इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही. राजाचे नाव, राज्याभिषेकाचे वर्ष, धर्मचिन्ह, धातूची शुद्धता यांवरून आपण राज्यसत्तेचा विस्तार आणि तिची आर्थिक प्रकृती ताडून पाहतो. मात्र ही दृष्टी बहुधा प्राचीन आणि मध्ययुगीन नाण्यांपुरतीच वापरली जाते. आधुनिक काळात संग्राहकांसाठी पाडली जाणारी स्मारक नाणी ही व्यापाराची किंवा छंदाची वस्तू मानली जाते आणि नाणकशास्त्राच्या गंभीर चर्चेतून ती वगळली जातात. ही उपेक्षा योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोणते राज्य कोणत्या काळात कशाचे स्मरण सोन्यावर कोरते आणि कशाचे टाळते, हा प्रश्न सातवाहनांच्या नाण्यांइतकाच आजच्या नाण्यांनाही विचारता येतो.

या दृष्टीने चीनच्या लोकप्रजासत्ताकाने १९९५ ते २०११ या काळात काढलेली, अभिजात कादंबऱ्यांवर आधारित सोन्याचांदीची नाणी विशेष उद्बोधक आहेत. 'सानग्वो येनयी' (तीन राज्यांची कथा), 'शुइहू झ्वान' (जलतीराची कथा), 'शीयोऊ जी' (पश्चिमेची यात्रा) आणि 'हाँगलौ मंग' (लाल महालाचे स्वप्न) या त्या चार कादंबऱ्या होत. चिनी सुशिक्षित वर्गाने ज्या साहित्यप्रकाराला शतकानुशतके हीन लेखले आणि ज्यातील काही ग्रंथांवर राजाज्ञेने बंदी घातली, त्याच साहित्यातील पात्रे राज्याच्या अधिकृत चलनावर कशी आली, याचा मागोवा या लेखात घ्यावयाचा आहे. त्याबरोबरच, या कादंबऱ्यांचे स्वतःचे सोन्याविषयी आणि पैशाविषयी काय म्हणणे आहे, हेही पाहावयाचे आहे. नाण्यांच्या सूचीग्रंथांत हा दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

चिनी चलनपरंपरा आणि सोने

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सुवर्णनाणे हा चीनच्या चलनपरंपरेतील मूळचा प्रकार नव्हे. आपल्याकडे कुशाणांपासून गुप्तांपर्यंत सोन्याच्या नाण्यांची सलग परंपरा आढळते. चीनमध्ये मात्र चलन म्हणजे तांब्याचे, साच्यात ओतलेले, वर्तुळाकार आणि मधोमध चौकोनी छिद्र असलेले नाणे. ते दोरीत ओवून हजाराच्या माळेने मोजले जाई. सोने वापरात होते, नाही असे नाही. चू राज्यात ठसे उमटवलेले सोन्याचे पत्रे चालत, आणि हान काळात घोड्याच्या खुराच्या आकाराच्या सोन्याच्या लगडी दानासाठी व राजकीय भेटींसाठी वापरल्या जात. नानचांगजवळील हायहुनच्या सरदाराच्या थडग्यात २०१५ च्या सुमारास अशा शेकडो सुवर्णवस्तू सापडल्या. परंतु हे सोने वजनाने मोजले जाणारे धन होते. बाजारात फिरणारे नाणे नव्हते. पुढील शतकांत मोठ्या व्यवहारांसाठी चांदीच्या, होडीच्या आकाराच्या लगडींनी हेच स्थान घेतले.

दुसरा विशेष म्हणजे या नाण्यांवर चित्र नसे, अक्षरे असत. इ. स. ६२१ मध्ये थांग राजवंशाने 'खाययुआन थोंगबाओ' हे नाणे सुरू केले. त्यावरील चार अक्षरे ओउयांग शुन या नामांकित सुलेखनकाराची आहेत, आणि पुढील जवळजवळ तेराशे वर्षांच्या नाण्यांना त्यांनी नमुना घालून दिला. सम्राटाचा चेहरा नाण्यावर यावा आणि तो हाटातील कोणाच्याही मळक्या हातात पडावा, ही कल्पनाच त्या संस्कृतीला मानवणारी नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी सिच्वान प्रांतात ग्वांगशू सम्राटाच्या मुखवट्याचे चांदीचे नाणे पाडले गेले. साम्राज्यकाळातील नियमित चलनात सम्राटाचा चेहरा असलेले हे एकमेव उदाहरण होय, आणि ते घडले हिंदुस्थानच्या रुपयामुळे. व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचा रुपया तिबेटच्या बाजारपेठेत इतका रुजला होता की त्याला तोंड देण्यासाठी चिनी अधिकाऱ्यांना त्याच घडणीचे नाणे काढावे लागले. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींतून निघालेल्या रुपयाने चिनी सम्राटाला नाण्यावर आणून बसवले, हा नाणकशास्त्रातील एक मौजेचा प्रसंग आहे.

तात्पर्य, सोन्याचे नाणे आणि त्यावर मानवी आकृती या दोन्ही गोष्टी चिनी परंपरेला परक्या होत्या. १९४९ नंतर तर सोन्याचा खाजगी व्यापारच बंद झाला आणि सोन्याची खरेदी हा राज्याचा एकाधिकार ठरला. अशा देशाने १९७९ साली लोकप्रजासत्ताकाच्या तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त चार सुवर्णनाण्यांचा संच काढला. प्रत्येक नाणे अर्धा औंस वजनाचे आणि ४०० युआन दर्शनी मूल्याचे होते. त्यांवर थ्येनआनमन, जनतेचे महासभागृह, लोकवीरांचे स्मारक आणि माओंचे स्मृतिभवन ही बीजिंगमधील चार वास्तुचित्रे होती. कोणाही व्यक्तीचा चेहरा नव्हता. ही नाणी मुख्यतः परदेशी खरेदीदारांसाठी होती. आर्थिक सुधारणांच्या आरंभी देशाला परकीय चलनाची निकड होती आणि संग्राहकांची बाजारपेठ हा ते मिळवण्याचा एक मार्ग होता. १९८२ पासून पांडा या प्राण्याच्या चित्राची सुवर्णनाणी निघू लागली, ती याच धोरणाचा भाग होत. त्याच वर्षी देशात सोन्याच्या दागिन्यांची किरकोळ विक्रीही पुन्हा सुरू झाली, आणि २००२ मध्ये शांघाय येथे सोन्याचा विनिमयबाजार उघडला. म्हणजे कादंबऱ्यांवरील नाण्यांची मालिका ज्या वर्षांत निघाली, त्याच वर्षांत सामान्य चिनी नागरिकाच्या हाती सोने कायदेशीरपणे परत येत होते. या नाण्यांचा ग्राहक हळूहळू परदेशी संग्राहकाकडून देशी मध्यमवर्गाकडे सरकला, याचे कारण येथे आहे.

'क्षुल्लक बोलणे' आणि राजाज्ञा

कादंबरीला चिनी भाषेत 'श्याओश्वो' म्हणतात. शब्दशः अर्थ क्षुल्लक बोलणे. इ. स. च्या पहिल्या शतकात बान गू याने हान राजवंशाच्या इतिहासात ग्रंथांची वर्गवारी केली, तेव्हा या प्रकाराला विचारसंप्रदायांच्या यादीत अगदी शेवटचे स्थान दिले. रस्त्यावरच्या गप्पा आणि गल्लीबोळातील वार्ता असे त्याचे स्वरूप मानले गेले. हा शिक्का पुढे दीड हजार वर्षांहून अधिक काळ पुसला गेला नाही. राज्यसेवेच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्याने अभिजात ग्रंथ, इतिहास आणि काव्य वाचावे. कादंबरी वाचलीच तर लपून वाचावी. या कादंबऱ्यांच्या लेखकांविषयीची माहिती इतकी तुटपुंजी आहे, त्याचे कारणही हेच. 'तीन राज्यांची कथा' लुओ ग्वानझोंग याच्या नावावर, 'जलतीराची कथा' शी नाइआन याच्या नावावर आणि 'पश्चिमेची यात्रा' वू चंगअन याच्या नावावर सांगितली जाते. परंतु 'पश्चिमेची यात्रा'ची उपलब्ध सर्वांत जुनी संपूर्ण आवृत्ती १५९२ ची असून तिच्यावर लेखकाचे नाव नाही.

चौघींत राज्यसत्तेचा सर्वाधिक रोष ओढवून घेतला तो 'जलतीराच्या कथे'ने. उत्तर सोंग काळाच्या अखेरीस भ्रष्ट अधिकाऱ्यांच्या छळाला कंटाळून ल्यांगशानच्या दलदलीत आश्रय घेतलेल्या १०८ बंडखोरांची ही कथा. तिचा नायक सोंग च्यांग हा मूळचा ऐतिहासिक पुरुष. सोंग राजवंशाच्या इतिहासात त्याचा व त्याच्या ३६ साथीदारांचा त्रोटक उल्लेख सापडतो. मिंग राजवट कोसळण्याच्या बेतात असताना, १६४२ मध्ये, दरोडेखोरीला उत्तेजन देणारे पुस्तक म्हणून त्यावर राजाज्ञेने बंदी आली. बंदीच्या आदल्याच वर्षी जिन शंगथान या चोखंदळ टीकाकाराने कादंबरीचा उत्तरार्ध, म्हणजे बंडखोर राजाला शरण जाऊन त्याची चाकरी पत्करतात तो भाग, छाटून सत्तर अध्यायांची आवृत्ती काढली होती. तीच पुढे सर्वत्र वाचली गेली. बंदी पुस्तकाला रोखू शकली नाही आणि राजवंशालाही वाचवू शकली नाही. १६४४ मध्ये बीजिंग पडले, तेही बंडखोर ली झिचंग याच्याच हातून. छिंग राजवटीने १७५४ मध्ये पुन्हा बंदी घातली. १८६८ मध्ये च्यांगसू प्रांताचा प्रमुख दिंग झिचांग याने जाळण्यायोग्य पुस्तकांची जी लांबलचक यादी प्रसिद्ध केली, तिच्यात 'जलतीरा'च्या जोडीला 'लाल महालाचे स्वप्न'ही होते. एक दरोड्यासाठी, दुसरे शृंगारासाठी.

या ग्रंथांची प्रतिष्ठा विसाव्या शतकात उलटली. बोलीभाषेत लिहिलेले साहित्य हेच राष्ट्राचे खरे साहित्य, अशी भूमिका हू शी आणि त्यांच्या पिढीने घेतली. १९२० नंतर या कादंबऱ्यांच्या विरामचिन्हांसह छापलेल्या आवृत्त्या निघू लागल्या आणि १९२१ मध्ये हू शी यांनी 'लाल महाला'च्या लेखकाचा कौटुंबिक इतिहास शोधून काढला. या चार ग्रंथांना एकत्रितपणे 'चार महान अभिजात कृती' म्हणण्याची रूढी त्यानंतरची, विसाव्या शतकातील आहे. सतराव्या शतकात जे 'चार अद्भुत ग्रंथ' गणले जात, त्यांत 'लाल महाल' नव्हता; तो अद्याप लिहिलाच गेला नव्हता. त्याच्या जागी 'जिन फिंग मेई' ही धीट शृंगारिक कादंबरी होती. अभिजात म्हणून मान्यता देताना विसाव्या शतकाने तिला बाजूला सारले, आणि कादंबऱ्यांवरील या नाण्यांच्या मालिकेतही तिला स्थान नाही. राज्याच्या स्मरणाला मर्यादा असतात, त्या अशा रिकाम्या जागांतून दिसतात.

सोंग च्यांगचे पुढचे प्रकरण अधिक बोलके आहे. माओ झेदोंग यांना ही कादंबरी तोंडपाठ म्हणावी इतकी प्रिय होती. १९३७ च्या 'अंतर्विरोधाविषयी' या निबंधात त्यांनी झू घराण्याच्या गावावरील तीन हल्ल्यांचा प्रसंग युद्धनीतीचे उदाहरण म्हणून घेतला आहे. परंतु १९७५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनीच सोंग च्यांगला शरणागतीवादी ठरवले आणि देशभर 'जलतीरा'विरुद्ध टीकेची मोहीम उभी राहिली. या मोहिमेचा रोख आठशे वर्षांपूर्वीच्या बंडखोरापेक्षा तत्कालीन नेतृत्वातील मवाळ गटाकडे होता, हे आता सर्वमान्य आहे. त्यानंतर अवघ्या ३४ वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच कादंबरीवरील सोन्याचांदीच्या नाण्यांचा पहिला संच चीनच्या लोकबँकेने काढला. मिंग सम्राटाला जो दरोडेखोर वाटला आणि माओंना जो फितूर वाटला, तो आता सांस्कृतिक वारसा झाला होता.

मालिकेचे स्वरूप

साहित्याचा नाण्यांवरील प्रवेश थेट कादंबऱ्यांनी झालेला नाही. १९८४ ते १९९३ या काळात 'थोर ऐतिहासिक व्यक्ती' ही मालिका निघाली. तीत कवी, शास्त्रज्ञ, सम्राट आणि बंडखोर एकाच रांगेत बसलेले आहेत. तिच्यातील चांदीच्या नाण्यांवर १९९० मध्ये लुओ ग्वानझोंग आणि १९९१ मध्ये 'लाल महाला'चा लेखक त्साओ श्युएचिन आले. म्हणजे आधी लेखकाला मान्यता मिळाली आणि मग त्याच्या पात्रांना. टपाल तिकिटांचा क्रम याहून जुना आहे. 'पश्चिमेची यात्रा' १९७९ मध्ये, 'लाल महाल' १९८१ मध्ये, 'जलतीर' १९८७ मध्ये आणि 'तीन राज्ये' १९८८ मध्ये तिकिटांवर आली. सांस्कृतिक क्रांतीचा धुरळा नुकताच खाली बसत होता तेव्हा सर्वप्रथम निवडले गेले ते माकडाचे पुस्तक. राजकीयदृष्ट्या ते सर्वांत निर्धोक होते, असे अनुमान येथे काढता येते.

कादंबऱ्यांवरील नाण्यांचा क्रम मात्र निराळा आहे. 'तीन राज्ये' १९९५, १९९६ आणि १९९७ अशा तीन संचांत. 'लाल महाल' २०००, २००२ आणि २००३ मध्ये. 'पश्चिमेची यात्रा' २००३ ते २००५ मध्ये. आणि 'जलतीर' अगदी शेवटी, २००९ ते २०११ मध्ये. या क्रमामागे दूरचित्रवाणीचा प्रभाव असावा. चिनी मध्यवर्ती दूरचित्रवाणीने १९८६ ते १९९८ या काळात चारही कादंबऱ्यांवर मालिका काढल्या आणि 'तीन राज्यां'ची भव्य मालिका १९९४ मध्ये प्रसारित झाली. नाणी दुसऱ्याच वर्षी आली. आपल्याकडे रामायण-महाभारताच्या मालिकांनी जे केले, तेच तेथे या मालिकांनी केले. पात्रांना ठरावीक चेहरे मिळाले आणि कारागिराला ते चेहरे ओळखीचे करून देण्याची गरज राहिली नाही.

तंत्राच्या बाजूने एक बदल लक्षणीय आहे. 'तीन राज्यां'नंतरच्या तिन्ही मालिका रंगीत आहेत. धातूवर उठावाचे काम झाल्यावर ठरावीक भागावर रंग छापण्याची पद्धत चीनमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. संग्राहकांना ती आवडली. प्रस्तुत लेखकाला मात्र ती नाणेकलेची हानी वाटते. उठावाच्या कामात छायाप्रकाशाने जे साधते, ते रंगाच्या थराखाली झाकले जाते आणि नाणे मिठाईच्या डब्यावरील चित्रासारखे दिसू लागते. 'लाल महाला'तील स्त्रियांच्या वस्त्रांना रंग हवेतच, असा युक्तिवाद करता येईल. पण ती कादंबरी रंगांइतकीच मौनाचीही आहे. असो.

दर्शनी मूल्य आणि अंगभूत मूल्य

या नाण्यांचे अर्थशास्त्र थोडे चमत्कारिक आहे. २००० साली लागू झालेल्या रेन्मिन्बी व्यवस्थापनाच्या नियमांनुसार स्मारक नाणे म्हणजे मर्यादित संख्येने काढलेले रेन्मिन्बीच होय. कायद्याच्या दृष्टीने ते चलन आहे. परंतु २००९ च्या सुमारास एक तृतीयांश औंसाच्या, म्हणजे सुमारे १०.३७ ग्रॅमच्या सुवर्णनाण्यावर १५० युआन हे दर्शनी मूल्य असे, आणि त्या वर्षीच्या भावाने त्यातील सोन्याचीच किंमत दोन हजार युआनच्या आसपास भरत होती. त्यावर घडणावळ आणि दुर्मीळतेचे मोल वेगळेच. मोठ्या वजनाची सुवर्णनाणी तर शेकड्यांतच काढली जातात. हे नाणे बाजारात देऊन कोणी भाजी घेणार नाही, हे उघड आहे. त्यावरील आकडा हा व्यवहारासाठी नसून राज्याच्या सहीसारखा आहे. त्या आकड्यामुळे पदक आणि नाणे यांत फरक पडतो.

ज्यांच्या पराक्रमाची ही नाणी आहेत, त्या तीन राज्यांच्या राजांनी मात्र नेमके याच्या उलट केले होते. इ. स. २१४ मध्ये ल्यू बेईने चंगदू जिंकले. शहर पडले तर खजिन्यातील सर्व काही तुमचे, असे वचन त्याने सैनिकांना आधी दिले होते आणि सैनिकांनी ते शब्दशः घेतले. कोठारे रिकामी झाली. तेव्हा ल्यू बा या सल्लागाराने उपाय सुचवला की शंभराच्या मोलाचे एकच नाणे पाडावे, बाजारभाव नियंत्रित करावेत आणि सरकारी बाजार भरवावा. काही महिन्यांत खजिना भरला, असे तिसऱ्या शतकातील वृत्तांत सांगतात. या नाण्यात शंभर नाण्यांचे तांबे अर्थातच नव्हते, आणि पुढे त्याचे वजन उतरतच गेले. सुन छ्वानने याच्याही पुढे जाऊन २३६ मध्ये पाचशेचे आणि २३८ मध्ये हजाराचे नाणे काढले. लोक ती घेईनात. अखेर २४६ मध्ये त्याला ती परत घ्यावी लागली. युद्धाचा खर्च प्रजेच्या खिशातून, तिच्या नकळत, काढण्याचा हा सर्वांत जुना मार्ग आहे.

कादंबरीत ल्यू बेई हा दयाळू, प्रजावत्सल राजा आहे. शत्रू पाठीवर असतानाही मागे येणाऱ्या प्रजेला तो सोडत नाही. इतिहासातील शंभराच्या नाण्याला या प्रतिमेत फारशी जागा नाही. आज संग्रहालयांत ल्यू बेईची ती हलकी तांब्याची नाणी पाहावयास मिळतात, आणि संग्राहकाच्या मखमली पेटीत त्याच्या कथेचे शुद्ध सोने. एका नाण्यावर धातूपेक्षा आकडा मोठा आहे, तर दुसऱ्यावर आकड्यापेक्षा धातू. सतराशे वर्षांच्या अंतराने ही दोन नाणी शेजारी ठेवली, म्हणजे कादंबरीने इतिहासाचे काय केले हे वेगळे सांगावे लागत नाही.

कादंबऱ्यांतील सोने

आता या ग्रंथांत सोने कोणत्या रूपाने येते, ते पाहू. 'तीन राज्यां'त ग्वान यू काही काळ त्साओ त्साओच्या आश्रयाला राहतो. त्साओ त्साओ त्याच्यावर सोन्याचा आणि मेजवान्यांचा वर्षाव करतो. आपला मानलेला भाऊ ल्यू बेई कोठे आहे, हे कळताच ग्वान यू मिळालेले सर्व सोने मोहोरबंद करून ठेवतो, सरदारकीचा शिक्का टांगून ठेवतो आणि निघून जातो. दान मोहोरबंद करून ठेवल्याचा उल्लेख छन शौ याच्या तिसऱ्या शतकातील इतिहासग्रंथातही आहे. म्हणजे ही निव्वळ कविकल्पना नव्हे. विशेष हे की सोने नाकारणारा हाच पुरुष पुढे चिनी व्यापाऱ्यांचा धनदेव झाला. १६१४ मध्ये मिंग सम्राटाने त्याला देवसम्राटाची पदवी दिली. व्यापाऱ्यांनी त्याला गल्ल्याशेजारी बसवले, कारण व्यापाराला पैशाआधी शब्द पाळणारा माणूस लागतो. ज्याने सोन्याला मोहोर लावून ते परत केले, त्याच्यावर सोन्याची मोहोर उमटावी, हा योगायोग विरळाच.

'जलतीरा'त सोने संकट घेऊन येते. अधिकारी ल्यांग आपल्या सासऱ्यासाठी, म्हणजे प्रधान त्साय जिंग याच्यासाठी, एक लाख माळांच्या किमतीचा वाढदिवसाचा नजराणा पाठवतो आणि चाओ गाइ व त्याचे साथीदार तो वाटेत लुटतात. पुढे सोंग च्यांगने वेळीच सावध केल्याबद्दल चाओ गाइ त्याला पत्रासोबत शंभर तोलांचे सोने पाठवतो. सोंग च्यांग त्यातील एकच कांब ठेवून घेतो आणि बाकी परत पाठवतो. ते पत्र त्याच्या रखेलीच्या, यान फोशीच्या हाती लागते. ती पुरे शंभर तोलांचे सोने मागते. सरकारी कारकून मिळालेली लाच परत करतो, यावर तिचा विश्वास बसत नाही. या अविश्वासापायी तिचा खून होतो आणि एक आदरणीय कारकून फरारी होतो. राज्ययंत्रणेविषयी सामान्य माणसाचा अनुभव काय होता, हे त्या बाईच्या हट्टातून जितके कळते, तितके कोणत्याही दप्तरातून कळणार नाही. येथे आणखी एक नोंद करावी. कादंबरीतील वीर खाणावळीत चांदीचे तुकडे वजनाने फेकतात. हा व्यवहार कथेतील सोंग काळापेक्षा लेखनाच्या आणि छपाईच्या मिंग काळाशी अधिक जुळतो. चलनाच्या इतिहासकाराला कादंबरी अशी नकळत साक्ष देते.

'लाल महाला'त सोने घराच्या आत आहे. नायक बाओयू जन्मतः तोंडात जेड घेऊन आला आहे आणि बाओचाय हिच्या गळ्यात सोन्याचे कुलूपवजा लॉकेट आहे. सोने आणि जेड यांची जोडी विधिलिखित आहे, असे घरातील मंडळी मानतात. ज्या दायूवर बाओयूचे प्रेम आहे, तिच्याजवळ सोने नाही. दुसरीकडे, घराचा कारभार पाहणारी वांग शीफंग दासींचे मासिक वेतन अडकवून ठेवून ती रक्कम व्याजाने फिरवते, आणि शेवटी राजाज्ञेने घराची जप्ती होते तेव्हा तिची कर्जखते सापडतात. लेखकाने ही जप्ती घरातच पाहिली होती. त्याचे आजोबा त्साओ यिन हे नानजिंग येथील राजवस्त्रांच्या कारखान्याचे अधिकारी होते. खांगशी सम्राटाच्या दक्षिण दौऱ्यांत चार वेळा त्यांनी त्याचे आदरातिथ्य केले. त्या खर्चाने सरकारी हिशेबात जी तूट पडली ती कुटुंबाला भरून काढता आली नाही, आणि सम्राट बदलल्यावर १७२८ च्या आरंभी सर्व मालमत्ता जप्त झाली. त्साओ श्युएचिन बीजिंगच्या पश्चिमेस दारिद्र्यात राहिला आणि १७६३ किंवा १७६४ मध्ये कादंबरी अपुरी ठेवून वारला. छापील आवृत्ती निघाली ती १७९१ मध्ये. तोपर्यंत ती हस्तलिखितांतूनच फिरत होती.

यात्रेकरू आणि सोन्याचे भिक्षापात्र

'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीशी महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संबंध आहे. सुन वुखोंग हा वानर ज्याला सांभाळून नेतो तो थांग भिक्षू म्हणजे आपल्या इतिहासग्रंथांतील ह्युएनत्संग. तो ६२९ च्या सुमारास निघाला आणि ६४५ मध्ये परतला. ६४१ च्या सुमारास तो पुलकेशीच्या राज्यात आला. येथील लोक उपकाराला जागणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, ही त्याची नोंद महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन त्याने केले, ते अजिंठ्याचे असल्याचे बहुतेक विद्वान मानतात. नाणकशास्त्राच्या दृष्टीने त्याची आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. भारतात विनिमयासाठी सोन्याची व चांदीची नाणी, कवड्या आणि लहान मोती चालतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. सोन्याचे नाणे नसलेल्या देशातून आलेल्या माणसाच्या नजरेला ही गोष्ट टिपावीशी वाटली, हे स्वाभाविकच होते.

इतिहासातील ह्युएनत्संगाचा आणि कादंबरीतील रडव्या, भित्र्या भिक्षूचा मेळ घालण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. वानर हा हनुमंताचा वारस की चिनी जलराक्षसाचा, या प्रश्नावर हू शी आणि लू शुन यांची मते भिन्न होती आणि त्यावरचा वाद अद्याप मिटलेला नाही. नाण्यांवर अर्थातच वानराची सत्ता आहे.

कादंबरीच्या ९८ व्या अध्यायातील प्रसंग मात्र कोणत्याही नाण्यापेक्षा सोन्याविषयी अधिक सांगतो. चौदा वर्षांच्या वाटचालीनंतर यात्रेकरू बुद्धाच्या दारी पोहोचतात. ग्रंथ देण्याचे काम आनंद आणि काश्यप या शिष्यांकडे असते. ते भेट मागतात. भिक्षूजवळ काहीच नसते, म्हणून ते त्याला गठ्ठे बांधून देतात. वाटेत वाऱ्याने गठ्ठे उसवतात आणि कळते की सर्व पाने कोरी आहेत. वानर संतापून तक्रार करतो. बुद्ध हसतो आणि म्हणतो की ग्रंथ फुकट देता येत नाहीत. मागे एका सावकाराच्या घरी पाठ केला, तेव्हा थोडेसेच सोने घेऊन शिष्य परतले, तेही स्वस्तात गेले असे त्याला वाटले होते. अखेर भिक्षू सम्राटाने निरोपाच्या वेळी दिलेले सोन्याचे भिक्षापात्र काढून देतो, आणि तेव्हा अक्षरे असलेले ग्रंथ त्याच्या हाती पडतात. आनंद ते पात्र हातात धरून मंद हसतो. स्वर्गातील कोठाराचे आणि स्वयंपाकघराचे सेवक त्याच्या पाठीवर, खांद्यावर चापट्या मारून त्याची थट्टा करतात. लाजेने त्याच्या चेहऱ्यावर सुरकुत्या पडतात, पण पात्र तो सोडत नाही.